गुलमर्गचा पहिला थर

काश्मीर खोऱ्याच्या पश्चिम कडेला, पीर पंजाल रांगेच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर असलेले गुलमर्ग हे भारतातील स्कीइंगचे सर्वांत महत्त्वाचे केंद्र मानले जाते, आणि तेथील हिवाळ्याचे मोजमाप बहुधा एकाच आकड्यात सांगितले जाते: या वर्षी किती फूट बर्फ पडला. हा आकडा खोटा नसला, तरी अपुरा आहे. हिम एकूण किती पडले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने पडले, पहिला थर केव्हा बसला, तो किती जाडीचा होता आणि त्यानंतर आकाश किती दिवस कोरडे राहिले, यांवर पुढच्या तीन महिन्यांचे भवितव्य ठरते. हंगामाच्या आरंभी केली जाणारी सर्व तयारी, मग ती यंत्रांची असो, दोरमार्गाची असो वा हिमस्खलनाच्या पहाऱ्याची, या पहिल्या थराभोवतीच फिरते, आणि म्हणून गुलमर्गची ओळख करून घ्यायची तर फेब्रुवारीतील भरल्या उतारांपेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमधील अपुऱ्या, उघड्यावाघड्या उतारांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या स्थळाचा स्कीइंगचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. 1927 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. पुढे डिसेंबर 1948 मध्ये, काश्मीरमधील युद्ध चालू असतानाच, लष्कराच्या 19 व्या पायदळ डिव्हिजनची स्की प्रशिक्षणशाळा येथे सुरू झाली, आणि तिचेच रूपांतर कालांतराने हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या पर्वतीय युद्धाच्या प्रशिक्षणसंस्थेत झाले. नागरिकांसाठी केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था 1968 मध्ये उभी राहिली. गोंडोला म्हणजे बंद डब्यांचा आकाशदोरमार्ग मात्र बराच उशिरा आला. पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीच्या तंत्रावर उभारलेल्या या मार्गाचे काम 1980 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेण्यात आले, खोऱ्यातील अशांततेमुळे ते रखडले, आणि गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा 1998 मध्ये, तर कोंगडोरीहून अफरवट पर्वताच्या खांद्यावर जाणारा दुसरा टप्पा 2005 मध्ये खुला झाला. पहिला टप्पा प्रवाशाला सुमारे 3,080 मीटरपर्यंत नेतो. दुसरा 3,900 मीटरच्याही वर. म्हणजे एकाच दोरमार्गाच्या दोन टोकांमध्ये सव्वा किलोमीटरहून अधिक उभे अंतर आहे, आणि खालच्या टोकाला पाऊस पडत असताना वरच्या टोकाला कोरडे, हलके हिम पडत असणे ही सुरुवातीच्या दिवसांतील नित्याची गोष्ट आहे. गुलमर्गबद्दल बोलताना हे दोन मजले वेगळे धरले नाहीत, तर गोंधळ अटळ आहे.

येथील हिम मोसमी पावसाच्या वाऱ्यांतून येत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारे आणि उंचावरील पश्चिमी वाऱ्यांच्या जोराने इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन धडकणारे वादळी पट्टे, ज्यांना हवामानशास्त्रात पश्चिमी झंझावात म्हणतात, ते येथे हिमवर्षाव घडवितात. पीर पंजालची भिंत आडवी आल्याने हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि तिच्यातील बाष्प हिमरूपाने खाली येते. हे झंझावात एकामागून एक येतात, पण त्यांच्यात नियमितपणा नसतो. कधी आठवड्यात दोन येतात, तर कधी तीन आठवडे एकही सशक्त झंझावात येत नाही. काश्मिरी पंचांगात हिवाळ्याचे तीन भाग मानले आहेत: 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, त्यानंतरचे वीस दिवस चिल्लई खुर्द, आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. खोऱ्यातील शेतकऱ्यांची जुनी समजूत अशी की, चिल्लई कलानमध्ये पडलेले हिमच खरे टिकते, कारण ते थंडीत गोठून डोंगरावर साठते आणि उन्हाळ्यात ओढ्यांना, भातखाचरांना आणि सफरचंदाच्या बागांना पाणी पुरविते. ही समजूत हिमाच्या भौतिकशास्त्राशीही बऱ्याच अंशी जुळते. त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अफरवटवर पडणाऱ्या हिमाची कथा मात्र वेगळी आहे, आणि ती जरा तपशिलाने समजून घेण्याजोगी आहे.

हंगामाचे पहिले हिम जमिनीवर पडते तेव्हा जमीन अजून उन्हाळ्याची ऊब धरून असते. गुलमर्गच्या खालच्या कुरणावर ते एक-दोन दिवसांत वितळून जाते. अफरवटच्या उत्तर व पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर, जेथे सूर्य थोडाच वेळ पोहोचतो, ते टिकून राहते. परंतु टिकून राहणे म्हणजे सुस्थितीत राहणे नव्हे. हिमाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते, तर वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत हवेपेक्षाही थंड होतो. समजा, थर 30 सेंटिमीटरचा आहे आणि पृष्ठभागाचे तापमान उणे 12 अंश आहे; तर तळापासून पृष्ठभागापर्यंत तापमान दर मीटरला 40 अंश या वेगाने बदलते. तोच पृष्ठभाग 2 मीटर जाडीच्या थरावर असता, तर हा बदल दर मीटरला केवळ 6 अंश झाला असता. हिमाच्या अभ्यासकांनी दर मीटरला सुमारे 10 अंश ही सीमा धरली आहे. तिच्या आत बदल सौम्य असतो, हिमकण गोलसर होत एकमेकांना चिकटतात आणि थर घट्ट होत जातो. सीमा ओलांडली की तळाच्या उबदार कणांतून बाष्प निघून वरच्या थंड कणांवर जमू लागते, हिम वितळल्याशिवायच आपली रचना बदलते, आणि काही दिवसांतच तळाशी टोकदार, पैलूदार, पोकळ पेल्याच्या आकाराचे मोठे स्फटिक तयार होतात. त्यांना डेप्थ होर म्हणतात. हातात घेतले तर ते जाड्या साखरेसारखे बोटांमधून ओघळून जातात. एकमेकांना धरून ठेवण्याची शक्ती त्यांच्यात उरलेली नसते.

यातून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे. पर्यटकाला जे सुंदर वाटते, म्हणजे नोव्हेंबरमधील एक हलका हिमवर्षाव आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवड्यांचे निळे, कोरडे, थंड आकाश, तेच वरच्या उतारांसाठी सर्वांत घातक असते. उशिरा का होईना, एकदम मीटरभर हिम पडले तर पाया घट्ट बसण्याची शक्यता अधिक. लवकर पण थोडे पडले तर पाया पोकळ होण्याची शक्यता अधिक. जानेवारीत मोठा झंझावात येऊन या पोकळ पायावर दीड मीटरचा जड थर टाकतो, तेव्हा वरून पाहणाऱ्याला उतार भरलेला, पांढराशुभ्र, निमंत्रण देणारा दिसतो, आणि त्याच्या तळाशी नोव्हेंबरमधील ती सुटी साखर तशीच दबा धरून असते. म्हणूनच आरंभीच्या हिमाची बातमी वृत्तपत्रांत आनंदवार्ता म्हणून छापली जात असली, तरी पर्वतावर काम करणारी माणसे ती काळजीनेच ऐकतात.

पायाची ही दुर्बलता माणसाला काही अंशी दूर करता येते. त्याचा उपाय एकच: हिम दाबणे. हिम दाबले की नाजूक स्फटिक मोडतात, मधली हवा निघून जाते, कण जवळ येतात आणि थंडीत काही तास स्वस्थ ठेवल्यास त्यांच्यामध्ये बर्फाचे सूक्ष्म पूल तयार होऊन सारा थर एकसंध होतो. ताज्या हिमाची घनता घनमीटरला 100 किलोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. नीट दाबलेल्या स्की-उताराची 400 ते 500 किलोग्रॅमपर्यंत जाते. हे काम रुंद पट्ट्यांवर चालणारी, पुढे पाते आणि मागे फिरते दातेरी दंड असलेली यंत्रे करतात. गुलमर्गमध्ये त्यांना स्नो बीटर म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला हे यंत्र केव्हा बाहेर काढायचे, हा निर्णय कसोटीचा असतो. थर फार पातळ असताना ते फिरवले तर पट्टे गवत आणि माती उकरून हिमात मिसळतात, काळपट झालेले हिम ऊन अधिक शोषते आणि जे थोडे होते तेही जाते. फार वाट पाहिली तर तळाचे स्फटिक पैलूदार होऊन बसतात. यंत्र जेथे पोहोचू शकत नाही अशा तीव्र उतारांवर हेच काम पायांनी केले जाते. अमेरिकेतील कोलोरॅडोत, ॲस्पेन हायलँड्सच्या हायलँड बोल या वाडग्यासारख्या उतारावर, हंगामापूर्वी माणसांच्या रांगा जड बुटांनी हिम तुडवीत खाली उतरतात, म्हणजे तळाचा सुटा थर मोडून निघतो आणि पुढचे हिम भक्कम पायावर बसते. अफरवटच्या विस्ताराला हा उपाय पुरणारा नाही. तेथे उतारांचा फार मोठा भाग नैसर्गिक अवस्थेतच राहतो, आणि जगभरचे अनुभवी स्कीपटू गुलमर्गला येतात ते त्याच कारणाने.

खालचा मजला याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. गुलमर्गचे वाडग्यासारखे कुरण उन्हाळ्यात गोल्फचे मैदान असते, आणि हिवाळ्यात त्याच्याच सौम्य चढउतारांवर नवशिक्यांचे वर्ग भरतात. कापलेल्या गवताची, दगडविरहित जमीन असल्याने येथे थोडे हिमही पुरते. वरच्या खडकाळ भागात दगड झाकले जाण्यासाठी जेवढी जाडी लागते, तिच्या अंशाएवढ्या जाडीत येथे शिकणे सुरू करता येते. उन्हाळ्यात घोडे घेऊन उभी असणारी आसपासच्या गावांतील माणसे हिवाळ्यात लाकडी स्लेजला दोर बांधून उभी राहतात, स्की आणि बूट भाड्याने देणारे आपला माल तपासतात, कडांना धार लावतात, तळाला मेण चोळतात. तंगमर्गहून वर येणारा सुमारे 13 किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता मोकळा ठेवणे ही तेवढीच महत्त्वाची तयारी असते; हिम साफ करणारी यंत्रे पहाटेपासून राबतात, आणि मोठ्या वर्षावानंतर चाकांना साखळ्या असलेल्या गाड्यांनाच वर सोडले जाते. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात गुलमर्गचा दिवस ठरलेला असतो. त्या प्रवाशांपैकी बहुतेकांना भेटते ते हे खालचे गुलमर्ग.

गोंडोलाची तयारी शरद ऋतूत होते, कारण हिवाळ्यात ती करता येत नाही. जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ हा मार्ग चालवते. अशा दोरमार्गात डबे एका अखंड फिरत्या पोलादी दोराला पकडींनी लटकलेले असतात आणि स्थानकात शिरताना पकड सुटून डबा मंदगती रुळावर येतो, त्यामुळे तपासणीचा भर साहजिकच तीन गोष्टींवर असतो: दोराच्या आतील तारा तुटल्या आहेत का हे चुंबकीय उपकरणाने पाहणे, प्रत्येक पकडीचा जोर मोजणे, आणि खांबांवरील चाकांच्या मालिका व त्यांचे बेअरिंग तपासणे. दोर अडकून डबे अधांतरी राहिले तर प्रवाशांना दोरांनी खाली उतरविण्याचा सरावही याच तयारीत मोडतो. त्याबरोबर आसपासच्या वृक्षांची पाहणीही आवश्यक आहे, याची जाणीव जून 2017 मध्ये मोठी किंमत मोजून झाली: जोराच्या वाऱ्यात उन्मळलेले झाड दोरावर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. दुसरा टप्पा वृक्षरेषेच्या वर जातो, तेथे झाडांचा धोका नाही, पण वारा अनावर असतो, आणि वारा वाढला की तो टप्पा थांबवला जातो.

दुसरा टप्पा हवा शांत असूनही बंद ठेवावा लागतो, तेव्हा कारण हिमस्खलनाचे असते. हिमस्खलन बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारांवर घडते. त्याहून सौम्य उतारावर थर क्वचितच घसरतो आणि त्याहून तीव्र उतारावर तो फारसा साठत नाही. अफरवटचे आकर्षक उतार नेमके याच मर्यादेत बसतात. स्की-पहारा पथक, म्हणजे उतारांवर फिरून धोका अजमावणारी प्रशिक्षित माणसे, हंगामाच्या आरंभी जागोजागी हिमात खड्डे खणून उभा छेद पाहते, प्रत्येक थराचा कठीणपणा बोटाने, पेन्सिलीने, सुरीने अजमावते, आणि हिमाचा सुटा केलेला स्तंभ फावड्यावर ठोके मारून कितव्या ठोक्याला आणि कोणत्या थरावर सरकतो याची नोंद ठेवते. या नोंदींतून धोक्याची पातळी ठरते, जी आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार 1 ते 5 अशी सांगितली जाते. येथे एक भेद प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवण्याजोगा आहे: पहाऱ्याचे संरक्षण गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक उतारापुरते असते, त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला पर्वत, जरी त्याच तिकिटावर आणि त्याच डब्यातून गाठता येत असला, तरी कोणाच्याही संरक्षणाखाली नसतो. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे हिमस्खलनात 17 सैनिक मृत्युमुखी पडले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा, आणि 22 फेब्रुवारी 2024 रोजी एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. युरोप-अमेरिकेतील थंड हवेच्या पर्वतांवर अशा दुर्घटनांनंतरच्या तपासात तळाचा जुना कमकुवत थर पुन्हा पुन्हा सापडतो, आणि त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खणलेल्या खड्ड्यांच्या नोंदी फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवणे, त्या वर्षानुवर्षे पडताळून पाहणे, हे काम गोंडोलाच्या दोराच्या तपासणीइतकेच अनिवार्य मानले पाहिजे.

निसर्गाचे हिम बेभरवशाचे असेल, तर ते यंत्राने का तयार करू नये, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. कृत्रिम हिमाचे तंत्र नवे नाही. 1950 मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात स्की बनविणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या तिघा चालकांनी दाबलेली हवा आणि पाणी यांचा फवारा थंड हवेत सोडून ते प्रथम सिद्ध केले. आज आल्प्समधील बहुसंख्य मोठी केंद्रे हंगामाचा पाया याच हिमाने घालतात. यात निर्णायक ठरते ते साध्या तापमापीवरील तापमान नव्हे, तर आर्द्र-गोलक तापमान, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापी दाखवील ते. कारण फवाऱ्यातील थेंबाचा काही अंश बाष्प होऊन उडतो आणि उरलेल्या थेंबाला अधिक थंड करतो. हवा कोरडी असेल तर शून्य अंशालाही हे तापमान उणे 4 च्या आसपास उतरते आणि हिम तयार होऊ शकते; हवा दमट असेल तर उणे 1 अंशालाही फवारा पाणीच राहतो. काश्मीरच्या कोरड्या, निरभ्र डिसेंबर रात्री या दृष्टीने अनुकूल ठरतील. अडचण पाण्याची आहे. एक हेक्टर उतारावर 30 सेंटिमीटर थर घालायचा तर 3,000 घनमीटर हिम लागते, आणि अशा दाट हिमासाठी साधारण 12 ते 15 लाख लिटर पाणी. तेही वर्षाच्या ज्या काळात डोंगरी ओढे सर्वांत क्षीण असतात त्या काळात.

उत्तराखंडातील औलीचे उदाहरण येथे विचारात घ्यावे लागते. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने तेथे हिमनिर्मितीची यंत्रणा उभारण्यात आली, आणि तरीही 2023 मध्ये तेथील राष्ट्रीय स्पर्धा हिमाअभावी रद्द कराव्या लागल्या. यंत्र विकत घेणे सोपे. जलसाठा, पंप, वीज आणि त्या रात्री जागून यंत्र चालविणारी कुशल माणसे वर्षानुवर्षे टिकवून धरणे कठीण. गुलमर्गचा हंगाम आजवर मुख्यतः आकाशातून पडणाऱ्या हिमावरच चालत आला आहे. तेथे नवशिक्यांच्या खालच्या उतारांसाठी मर्यादित हिमनिर्मिती करणे योग्य ठरेल, कारण तेथे क्षेत्र लहान, जमीन सपाट आणि उपजीविका त्यावर अवलंबून असलेल्यांची संख्या मोठी आहे. वरच्या मजल्यासाठी मात्र हा उपाय नाही. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे हिवाळ्यातील हिमाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर जपून ऑक्टोबरअखेर सपाट स्की-मार्गावर पसरला जातो. ही रीतही गुलमर्गच्या कुरणासाठी अभ्यासण्याजोगी आहे.

कृत्रिम हिमाचा एक संबंध गुलमर्गशी याआधीच जुळला आहे. तंगमर्ग परिसरात वाढलेला आणि गुलमर्गच्या नैसर्गिक हिमावर घडलेला आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, आणि तेथील स्की-उतार जवळजवळ संपूर्णपणे यंत्रनिर्मित हिमाचे होते. स्पर्धेचे असे हिम जाणूनबुजून बर्फाइतके कठीण केले जाते, जेणेकरून पहिल्या आणि शेवटच्या स्पर्धकाला सारखाच मार्ग मिळावा. मऊ हिमावर शिकलेल्या खेळाडूला अशा पृष्ठभागाचा सराव परदेशी जाऊनच करावा लागतो. जायंट स्लालोममध्ये त्याने 45 वे स्थान मिळविले. भारतात आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्कीपटू घडवायचे असतील, तर दाबलेल्या, कठीण केलेल्या एका तरी उताराची डिसेंबरपासून हमी असणे ही पहिली गरज आहे.

ती हमी आज किती दूर आहे, हे अलीकडच्या हंगामांनी दाखवून दिले आहे. जानेवारी 2024 चा बराचसा काळ गुलमर्गचे कुरण तपकिरी राहिले आणि चिल्लई कलान जवळजवळ कोरडीच सरली. हिम आले ते महिन्याच्या अखेरीस, आणि खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून 21 ते 25 फेब्रुवारी या काळात घ्याव्या लागल्या. 2025 मध्ये 22 फेब्रुवारीपासून ठरलेल्या स्पर्धा पुन्हा हिमाअभावी लांबल्या आणि 9 ते 12 मार्चला पार पडल्या. या स्पर्धांचे गुलमर्गमधील पहिले पर्वही 2020 मध्ये मार्चमध्येच झाले होते, हे येथे सूचक आहे. हंगाम नाहीसा झालेला नाही. तो पुढे सरकला आहे आणि अधिक अनिश्चित झाला आहे. पर्यटनाचे वेळापत्रक मात्र अजून नाताळ आणि नववर्षाभोवतीच आखले जाते, आरक्षणे उन्हाळ्यातच होतात, आणि डिसेंबरच्या त्या दहा दिवसांत उतार खुले दिसावेत असा दबाव यंत्र चालविणाऱ्यांवर आणि पहाऱ्यावर येतो. हंगामी स्लेजवाल्याला आणि भाड्याने साहित्य देणाऱ्याला कोरडा डिसेंबर परवडत नाही, हे खरे असल्याने तो दबाव समजण्याजोगा आहे. परंतु त्याचे उत्तर दुसरा टप्पा लवकर उघडण्यात नसून खालच्या कुरणावरील थर लवकर बसविण्यात आहे. तिकिटाच्या खिडकीवर, इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि गुजरातीतही, दररोज सकाळी तीन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत: खाली किती सेंटिमीटर हिम आहे, वर किती आहे, आणि वरच्या थराखाली काय आहे.